मदत हवी आहे: नऊ महिन्यांचं बाळ आणि साडेतीन वर्षांची ताई, दोघांना वाचून दाखवायला मराठी पुस्तकं

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण बहुतेक सगळे स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठीचे आहेत, म्हणून नवा काढतेय.

आम्ही सोलापूरला असतो. लेक साडेतीन वर्षांची, यंदाच नर्सरीत जायला लागलीय. धाकटा नऊ महिन्यांचा. घरात मी मराठी बोलते, साबा, म्हणजे सासूबाई, तेलुगू (माहेर करीमनगरचं), आणि नवरा समोर कोण आहे ते बघून दोन्ही. शाळा इंग्रजी. त्यामुळे रात्री झोपायच्या आधीचा वेळ तरी मराठी पुस्तकांचा असावा असं मनात आहे. घोडं अडलंय ते पुस्तकांच्या निवडीपाशी.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "मूल केवढं?" साडेतीन म्हटलं की काउंटरवर मुळाक्षरं, फळं-भाज्या-वाहनं आणि 'गिरवा व रंगवा' येऊन पडतं. गोष्टीचं द्या म्हटलं तर शेवटी ठळक अक्षरात तात्पर्य असलेलं. त्यातलं एक आणलं होतं. गोष्टीत कोंबडीची पिल्लं तीन, चित्रात चार. लेक रोज त्या चौथ्यावर बोट ठेवून "हे कोणाचं?" विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत पान उलटू देत नाही. माझ्याकडची उत्तरं संपलीत.

दुसरी अडचण भाषेची. बरीच पुस्तकं मनात वाचताना ठीक वाटतात, पण मोठ्याने वाचायला घेतली की जीभ अडखळते. "मनू खूप आनंदी होता कारण त्याच्याकडे एक सुंदर लाल चेंडू होता." असं घरात कोण बोलतं? मी वाचता वाचताच "मनूला मिळाला लाल चेंडू, मनू एकदम खूश" असं करून टाकते. पण मग दुसऱ्या दिवशी लेक म्हणते, काल असं नव्हतं.

धाकट्याचं तर विचारूच नका. पुस्तक हातात आलं की थेट तोंडात. नवरा म्हणतो, त्याला काय कळतंय, पैसे वाया. मला वाटतं काहीतरी कळत असावं, कारण मी वाचायला लागले की तो हातपाय हलवायचा थांबतो. या वयासाठी मराठीत जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मिळतात का? आणि नाही मिळाली तर काय वाचायचं?

शिवाय हे दोन प्रश्न आहेतच. लेकीला महिनाभर एकच पुस्तक लागतं. चालू द्यावं की दुसऱ्याकडे वळवावं? आणि चिऊ-काऊच्या गोष्टीत आमच्या आजीच्या पद्धतीत शेवटी काऊला चटका बसतो, तो ठेवावा की गाळावा? लेक तिथे डोळे झाकून घेते, आणि लगेच "परत सांग" म्हणते.

पुस्तकांची नावं सांगितलीत तर उत्तमच, पण निवडायची कशी ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल. आमच्याकडे दुकानं मोजकी आहेत, जे समोर असेल त्यातूनच घ्यावं लागतं.

खडूस काका

आमच्या वेळी पुस्तकं नव्हती, आजी होती. भोपळ्यातली म्हातारी, चिऊ-काऊ, सगळं तोंडी. काही बिघडलं नाही आमचं. नऊ महिन्यांच्या पोराला पुस्तक म्हणजे जरा अतीच.

बालवाडीवाली

काका, आजी घरात असेल तर निम्मं काम झालंच की. पण तिची जागा घ्यायची वेळ आई-बापावर येते तेव्हा त्यांना गोष्टी आठवत नाहीत, म्हणून पुस्तक लागतं. 😀

चिंचगूळ, मी बालवाडीत बरीच वर्षं शिकवतेय, सुचेल तसं लिहिते.

आधी धाकटा. नवऱ्याला सांगा, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच अधिकृत भूमिका घेतली की तान्हेपणापासून वाचून दाखवावं आणि डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी पालकांना तसं सांगावं. त्यात 'वाचन' म्हणजे गोष्ट समजणं अभिप्रेतच नाही. तुमच्या आवाजातले चढउतार, मांडीवरची ऊब, तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवता तिकडे त्याचं बघणं, एवढंच. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून अगदी लहानांना ठळक काळी-पांढरी चित्रं देतात. तुमचा त्यापुढे गेलाय. त्याला आता ओळखीच्या वस्तूचं एकेक मोठं चित्र द्या: वाटी, चेंडू, मांजर, दुसऱ्या बाळाचा चेहरा. एका पानावर चाळीस भाज्या असलेला तक्ता नको, नजर कुठे ठरणार?

चावू द्या. या वयात तोंड हेच तपासणीचं साधन. फक्त पिना मारलेलं पुस्तक त्याच्या हातात नको. आपल्याकडची स्वस्त, सुंदर चित्रांची पुस्तकं बहुतेक पिनांचीच असतात. ती तुमच्या हातात ठेवायची, त्याच्या हातात पुठ्ठ्याचं नाहीतर कापडी. मराठीत पुठ्ठ्याची पुस्तकं फार कमी आहेत हे खरंच. पण त्या पुस्तकात असतो तरी किती मजकूर? इंग्रजी घ्या आणि चित्र बघून मराठीत बोला. "कुठे गेली माऊ? ही बघ माऊ!" एवढ्यावर पान होतं.

आता ताई. दुकानदार आणि पालक दोघांचाही इथेच गोंधळ होतो. मुलाने स्वतः वाचायचं पुस्तक वेगळं आणि आपण वाचून दाखवायचं वेगळं. पहिल्यात जोडाक्षरं टाळतात, वाक्यं छोटी ठेवतात, कारण डोळ्यांना झेपलं पाहिजे. दुसऱ्यात ती अट कशाला? कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. साडेतीन वर्षांची मुलगी 'धुडगूस', 'खट्याळ', 'टम्म फुगला' ऐकून खूश होते, वाचता येत नसलं म्हणून काय झालं. वाचून दाखवायला पुस्तक घेताना त्यावर 'पहिली पायरी' लिहिलंय म्हणून घेऊ नका, बऱ्याचदा एक पायरी वरचं जास्त रंगतं.

आणि दुकानात उभ्या उभ्या मधलं एक पान मोठ्याने वाचा. लाजायचं नाही. पहिलं पान नाही, मधलं. पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात. दोन वाक्यांत श्वास अडला, किंवा यमक जुळवायला शब्दांची ओढाताण झालेली दिसली, की ठेवून द्यायचं. पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे का बघा. चिऊ-काऊत बघा, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते", "थांब, माझ्या बाळाला तीट लावते". तिसऱ्या 'थांब'ला वर्गातली सगळी मुलं माझ्या आधी बोलतात. ज्या पुस्तकात मुलाला अशी घुसायला जागा आहे, ते महिनाभर टिकतं. आणि तुम्हाला स्वतःला कंटाळवाणं वाटलं तर घेऊ नका, कारण ते रोज तुम्हालाच वाचायचंय.

एकच पुस्तक महिनाभर? चालू द्या. पहिल्यांदा ती काय होतंय ते ऐकते, नंतर पुढे काय येणार हे आपल्याला माहीत असल्याचा आनंद घेते, आणि मग मधले शब्द उचलते. फक्त वाचायची पद्धत बदला. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं की नुसतं वाचत जाऊ नका. प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात भर घाला. महिनाभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. "हे काय आहे?" असा परीक्षेतला प्रश्न मात्र सारखा नको. तुमच्या चौथ्या पिल्लाचा प्रश्न लेकीवरच उलटवा: "तुला काय वाटतं, कोणाचं असेल?"

चटका ठेवा. डोळे झाकून "परत सांग" म्हणतेय म्हणजे ती भीती मापात घेतेय. झोपच उडत असती तर वेगळं सांगितलं असतं.

दूरदेशी

+१ बालवाडीवाली, विशेषतः मधल्या पानाला.

आम्ही अमेरिकेत, टेनेसीत. इथे गायिका डॉली पार्टनने १९९५ मध्ये सुरू केलेल्या योजनेतून मूल पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने फुकट घरी येतं. त्यामुळे इंग्रजीचा सुकाळ, मराठीचा दुष्काळ. मी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची इंग्रजी-मराठी द्विभाषिक पुस्तकं भारतातून येताना आणते. एकाच पानावर दोन्ही भाषा, त्यामुळे बाबा इंग्रजीतून वाचतो, मी मराठीतून. आमच्या अडीच वर्षांच्या पोराने ठरवून टाकलंय की कोणी कोणत्या भाषेत वाचायचं. अदलाबदल केली की पुस्तक हिसकावून घेतो.

पानाफुला

नावं हवी असतील तर: माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' (ज्योत्स्ना प्रकाशन). घरातल्या माणसांबद्दल, आणि चित्रंही त्यांचीच. त्यात आपल्या घरासारखं घर दिसतं, मुलं लगेच "आपले आजोबा!" करतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण वयोगट बघून घ्या, काही बरीच मोठ्या मुलांची आहेत.

आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीवर, गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून आहे, सगळं मोफत. चार पायऱ्यांत गोष्टी लावलेल्या आहेत, मराठीत भरपूर सापडतील. मात्र तिथे कोणीही भाषांतर करू शकतं, त्यामुळे दर्जा वरखाली. एखादी वाचून बघितल्याशिवाय मुलीसमोर उघडू नका.

चिंचगूळ

सगळ्यांचे खूप आभार! बालवाडीवाली ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, मोठ्याने. 😀 कापडी पुस्तकाला हो म्हणालाय.

पिनांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, घरातली तशी सगळी वरच्या फळीवर गेली.

पानाफुला, स्टोरीवीवर म्हणजे मोबाइलवरच ना? तेच टाळतेय. हातात फोन आला की लेकीला पुस्तक नको, कार्टून हवं. काका, तुमचंही पटतंय, पण साबांना गोष्टी येतात त्या तेलुगूत. लेकीला समजतात, उत्तर मराठीत देते. त्यांना तेलुगू वाचताही येतं. त्यांच्यासाठी काही मिळेल का?

पानाफुला

मोबाइलवर वाचूच नका. पीडीएफ उतरवून घ्या आणि छापा. त्यांचा परवानाच तसा खुला आहे, श्रेय ठेवलं की छापायला हरकत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढायची आणि पारदर्शक खिशांच्या फाइलीत एकेक पान सरकवायचं. पिना नाहीत, आणि धाकट्याने ओलं केलं तरी पुसता येतं. फक्त खर्चाचा अंदाज आधी घ्या, रंगीत पानं महाग पडतात. दहा-बारा पानांचीच गोष्ट निवडा.

तेलुगूचं तर तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. तिथे गोष्ट उघडली की तीच इतर कोणत्या भाषांत आहे ते दिसतं. मराठी आणि तेलुगू दोन्हींत असलेली निवडा. चित्रं तीच, मजकूर वेगळा. एक प्रत साबांकडे, एक तुमच्याकडे.

खडूस काका

हे बरं आहे. आजी परत आली म्हणजे.

सूनबाई, ते चौथं पिल्लू शेजारच्या कोंबडीचं आहे म्हणून सांग. खेळायला आलं होतं.

चिंचगूळ

काका, सांगितलं. आता शेजारची कोंबडी कुठल्या पानावर आहे ते शोधतेय.

दोन्ही भाषांतल्या दोन गोष्टी सापडल्या, एक मांजराची आणि एक पावसाची. मराठी दोन्ही मोठ्याने वाचून पाहिल्या. पावसाची जिभेवर बसली, मांजराची नाही. साबा म्हणतात तेलुगूत मांजराचीच छान आहे. उद्या दोन्ही छापायला टाकतेय, मांजराची फक्त तेलुगूत.