मदत हवी आहे: आईच्या पायांवर सूज, गोळी बंद करू का?

पेठेतला_पक्या: आईचे पाय सुजलेत, संध्याकाळी तर घोटेच दिसत नाहीत. नवीन गोळीनंतरच चालू झालंय हे. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला, क्लिनिकवाली बाई नुसती 'सोमवारी या' म्हणते. गोळी बंद केली तर चालेल का? लवकर सांगा.

मुठाकाठी: कसली गोळी? वय?

पेठेतला_पक्या: अहो बीपीची. ६८.

कोथरूडची_ताई: बीपीच्या ढीगभर गोळ्या असतात दादा. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाच, ब्रँड नको.

काढा_एके_काढा: पुनर्नवाचा काढा द्या सकाळ संध्याकाळ, सूज उतरते. आमच्या सासूबाईंना दिला होता.

मुठाकाठी: किडनी कशी आहे ते माहीत नाही, चालले काढा पाजायला!

काढा_एके_काढा: तुम्ही खा मग केमिकलं.

पेठेतला_पक्या: भांडू नका राव. अ‍ॅम्लोडिपिन आहे. आधी ५ ची होती, आता १० केलीये.

रिटायर्ड_केमिस्ट: हे आधी सांगायचं ना. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते हे नेहमीचं आहे, आणि डोस वाढला की जास्त. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, ती कोणाची उसनी आणून देऊ नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात, पण मनाने बंद करू नका, बीपी परत चढेल. आता सांगा, सूज दोन्ही पायांना आहे का? दम लागतो? आडवं झाल्यावर घुसमटतं? दुसरं काय काय घेतात?

सिंहगड_रोड: माझ्या बाबांना बीपीच्याच रॅमिप्रिल नावाच्या गोळीने कोरडा खोकला झाला होता, आम्ही आपले कफ सिरप पाजत बसलो, गोळी बदलली तेव्हा कुठे थांबला. रॅमिप्रिल बंद करा.

कोथरूडची_ताई: ती रॅमिप्रिल घेतच नाहीये!!

पेठेतला_पक्या: दोन्ही पाय, दम वगैरे नाही. दुसरं काही नाही घेत. म्हणजे गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, दुखण्यावरची गोळी, घेते रोज, दुकानातून आणून, त्याला ती औषधात धरतच नाही.

रिटायर्ड_केमिस्ट: धरा! त्यानेही अंगात पाणी साठतं, बीपी वाढतं, किडनीलाही त्रास. कोणी लिहून दिलेली नसेल तर ती थांबवा. सोमवारची वाट कशाला, आजच दुसऱ्या फिजिशियनला दाखवा, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, रोजचं बीपी लिहून ठेवा. एकच पाय सुजून दुखायला लागला, दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल, १०८ ला फोन. साइड इफेक्ट कळवायला सरकारची १८००-१८०-३०२४ ही फुकट हेल्पलाइन आहे, पण तिथे उपचार मिळत नाहीत.

पेठेतला_पक्या: बरं. संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळाली एकांची.

सिंहगड_रोड: गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर कर्वेनगरला घरी येणारा फिजिओ आहे का कोणाकडे?

मुठाकाठी: वेगळा धागा काढा.