बीपी नॉर्मल, तरी लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन)?
दादा, पांडवलेणी चढून आल्यावर त्याच दिवशी नमुना दिलात आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीत अल्ब्युमिन किती उतरतं ते सांगणारं माप) ४५ आलं, म्हणून घाबरू नका. दमवणारा व्यायाम किंवा ताप यांनी ते तात्पुरतं वाढतं. दोन दिवस आराम करून सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत आलं तर उत्तम.

पण पुन्हा वाढलेलं निघालं, तर ‘बीपी तर नॉर्मल आहे’ म्हणून कृपया सोडून देऊ नका. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं एन्झाइम सुटतं, त्याच्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ हे रक्तवाहिन्या आवळणारं संप्रेरक तयार होतं. ते मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक रक्तवाहिनी आवळतं, आतला दाब वाढतो आणि अल्ब्युमिन झिरपू शकतं. दंडावरच्या पट्ट्याला हा आतला दाब कळत नाही! अशा वेळी फिजिशियनला रिपोर्ट दाखवाच. मिसळीवरची शेव, पापड, लोणचं असं खारट मात्र आजपासूनच कमी करा.