ब्रॉयलरच्या छातीवर पांढऱ्या रेषा, औषध कोणतं?

माणदेशी (विटा): ४० दिवसांत अडीच किलो भरलेल्या पक्ष्यांच्या छातीवर पांढऱ्या रेषा दिसतात, काही तुकडे दाबले तर कडक. गिऱ्हाईक रोग समजून परत करतं. काय द्यावं?

कृष्णाकाठ (कराड): रोग नाही दादा, औषधही नाही. छातीचं मांस इतक्या वेगानं वाढतं की रक्तपुरवठा पुरत नाही. तंतू मरतात, त्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरते. खायला अपाय नाही, पण मसाला मुरत नाही, शिजताना पाणी सुटतं. कडक छातीचा खिमा करा. दोन किलोच्या आसपास माल काढलात तर प्रमाण घटेल.

तासगावकर: मांस फिकट, पाणचट असेल तर मात्र कारण वेगळं, बहुधा उन्हातली पकड. पहाटे पकडा. कापण्याआधी ८ ते १० तास खाद्य बंद, पाणी चालू.

माणदेशी: मग गावरानच पाळू?

कृष्णाकाठ: गिऱ्हाईक कोण ते बघा. पाच-सहा महिन्यांच्या पक्ष्याचं कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) पक्कं झालेलं असतं. ते विरघळलं की रस्सा दाट, पण त्याला मंद आचेवर तास-दीड तास लागतो. हॉटेलवाला एवढा गॅस जाळत नाही. शिवाय वाढ सावकाश, म्हणजे किलोमागे खाद्य कितीतरी जास्त. दर आधी ठरवा.