मदत हवी आहे: वेबपॅकचं प्लगिन एकाच बिल्डमध्ये दोनदा का चालतं?

अर्धविराम
दोन दिवस डोकं धरून बसलोय. वेबपॅकसाठी (जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारं साधन, म्हणजे बंडलर) एक छोटं प्लगिन लिहिलंय. बिल्डमधून बाहेर पडणाऱ्या सगळ्या फाइलींची यादी जेसनमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम. पण ते दोनदा चालतं आणि बिल्ड लाल होतो. डॉक्युमेंटेशन वाचून झालंय, तेव्हा तिथली लिंक देऊ नका. आत नेमकं काय घडतं ते कुणी सांगेल का? जरा लवकर, उद्या दाखवायचंय.

रिकामा_स्टॅक
आवृत्ती? कॉन्फिग? हुक, म्हणजे बिल्डच्या ज्या टप्प्याला तुमचा कोड अडकवलाय तो, कोणता? एरर काय? की कुंडली मांडून सांगू?

अर्धविराम
आवृत्ती ५. कॉन्फिग साधंच आहे. एरर 'कॉन्फ्लिक्ट'ने सुरू होते, एकाच नावाच्या फाइलीत वेगवेगळा मजकूर असं काहीतरी.

पहाटवारा
वॉच मोड असणार. कंपायलर एकच असतो, पण फाइल सेव्ह केली की दर वेळी नवं कंपायलेशन, म्हणजे बिल्डची नवी फेरी, जन्माला येतं आणि त्यावरचे हुक पुन्हा चालतात. माझं हेच झालं होतं.

अर्धविराम
वॉच नाही. एकदाच बिल्ड.

पहाटवारा
मग कॉन्फिग म्हणजे ॲरे असेल. दोन ऑब्जेक्ट दिले की दोन कंपायलर.

अर्धविराम
एकच ऑब्जेक्ट आहे. साधंच आहे म्हटलं ना.

वीटभट्टी
मला वेबपॅकचा वीट आला म्हणून मी वीट (Vite) या दुसऱ्या बंडलरवर गेले. तिथे प्लगिन रोलअप नावाच्या बंडलरच्या पद्धतीचं. जनरेट-बंडल हुकात अख्खं बंडल एका ऑब्जेक्टमध्ये हातात येतं, त्यावर लूप फिरवा, यादी तयार. खरंच, सोडा ते.

रिकामा_स्टॅक
बंडलर बदलू का, असं त्यांनी विचारलेलं नाही.

वीटभट्टी
विचारायला हवं होतं.

जुनं_खोड
एवढा काथ्याकूट कशाला? कंपायलरच्या 'एमिट' हुकवर टॅप-असिंक करा, म्हणजे आपलं फंक्शन जोडा, आणि यादी असेट्समध्ये (बाहेर पडणाऱ्या फाइलींत) ठेवून द्या. आवृत्ती ४ पासून हेच करतोय, एकदाही दोनदा चाललं नाही. फक्त शेवटी कॉलबॅक बोलवायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. नोडला करायला काही उरलं नाही की तो गपचूप बाहेर पडतो. फाइल नाही, एररही नाही. अर्धा दिवस गेला त्यात.

रिकामा_स्टॅक
५ मध्ये प्रोसेस-असेट्स हा हुक संपल्यावर असेट्सना हात लावला की डेप्रिकेशनची, म्हणजे ही पद्धत पुढे बंद होणार अशी, सूचना येते. नवीन प्लगिनला जुनी सवय कशाला लावायची?

जुनं_खोड
सूचनाच येते ना? बिल्ड तर होतो.

धावती_भेट
बिल्ड हळू होत असेल तर कॅशचा प्रकार 'फाइलसिस्टम' ठेवा. दुसऱ्या वेळेपासून जाणवण्याइतका फरक पडतो.

रिकामा_स्टॅक
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लोलक
अर्धविराम, दोन गोष्टी करा. टॅपच्या आत कंपायलेशन.कंपायलर.नेम कन्सोलला छापा, आणि दोन्ही वेळची यादीही छापा. तुमच्या कॉन्फिगमध्ये एचटीएमएल-वेबपॅक-प्लगिन आहे का?

अर्धविराम
आहे. ते तर सगळ्यांकडेच असतं, म्हणून लिहिलं नाही.
पहिल्यांदा नाव येतं 'एचटीएमएलवेबपॅककंपायलर', दुसऱ्यांदा 'अनडिफाइन्ड'. पहिल्या यादीत एकच फाइल, तीही माझी नाही: आधी दोन अंडरस्कोअर, मग चाइल्ड, मग त्या प्लगिनचं नाव, शेवटी शून्य. दुसरी यादी बरोबर वाटतेय. हे भूत कुठून आलं?

लोलक
भूत नाही, पोर आहे. एचटीएमएलचं टेम्प्लेट ते प्लगिन स्वतःच्या चाइल्ड कंपायलरमध्ये बिल्ड करतं. क्रिएट-चाइल्ड-कंपायलर आईच्या हुकांवर लावलेले टॅप पोराला वारशात देतो, पण सगळे नाही. मेक, कंपाइल, एमिट, आफ्टर-एमिट, इनव्हॅलिड, डन आणि धिस-कंपायलेशन हे सात वगळतो. तुम्ही 'कंपायलेशन' हुकवर टॅप केलेलं असणार. तो वारशात जातो, म्हणून तुमचा कोड पोराच्या कंपायलेशनलाही चिकटला आणि तिथे त्याने एक यादी बनवली. चाइल्डचं काम संपलं की त्याचे असेट्स आईकडे जमा होतात, तुमची ती एका ओळीची यादीसुद्धा. नंतर मुख्य कंपायलेशन त्याच नावाने खरी यादी ठेवायला गेलं. नाव तेच, मजकूर वेगळा, म्हणून कॉन्फ्लिक्ट.
'कंपायलेशन'च्या जागी 'धिस-कंपायलेशन' लिहा.

जुनं_खोड
म्हणजे माझं एमिट बरोबरच होतं.

लोलक
दोनदा चाललं नाही हे खरं. एमिट वारशात जात नाही, आणि चाइल्ड डिस्कवर काही लिहीतही नाही. पण रिकामा_स्टॅक म्हणतात ती सूचना येणारच.

जुनं_खोड
येऊ दे.

अर्धविराम
एका शब्दाचा फरक! एरर गेली. पण आता नीट पाहिलं तर यादीत इंडेक्स.एचटीएमएल नाहीच. डिस्ट फोल्डरमध्ये मात्र आहे.

रिकामा_स्टॅक
प्रोसेस-असेट्सला स्टेज कोणती दिलीय?

अर्धविराम
स्टेज? नावच दिलंय फक्त.

रिकामा_स्टॅक
मग ती ० धरली जाते. प्रोसेस-असेट्स हा एकच हुक, पण त्यावरचे टॅप स्टेजच्या आकड्याप्रमाणे रांगेत लागतात. एचटीएमएलवालं प्लगिन आपली फाइल ऑप्टिमाइझ-इनलाइनला ठेवतं, म्हणजे ७००. तुमची यादी तोवर बनून मोकळी झालेली असते. तुम्ही समराइझ द्या, म्हणजे १०००. आकडा हाताने लिहू नका, कंपायलेशन क्लासवरचा कॉन्स्टंट घ्या.

पहाटवारा
पण फाइलनावातला कंटेंट हॅश (मजकुरावरून काढलेला कोड) त्यानंतर, २५०० ला बदलतो ना? मग यादीत जुनी नावं राहतील.

लोलक
राहत नाहीत. रिअल-कंटेंट-हॅश-प्लगिन बाकीच्या असेट्सच्या मजकुरातलाही जुना हॅश शोधून बदलतं, त्यात ही यादीही आली.

अर्धविराम
समराइझ लावलं. कन्सोलला एकदाच छापलं, यादीत इंडेक्स.एचटीएमएल आहे. लोलक, रिकामा_स्टॅक, आभार. धागा बंद केला तरी चालेल.

सावकाश
वॉच मोड बंद करून पाहिलात का?