मदत हवी आहे: शेरेचं पोस्टर खरं की नक्कल?

मंडळी, पॅरिसच्या सेंत-वाँ जुन्या बाजारातून ज्यूल शेरे या जुन्या फ्रेंच पोस्टर-चित्रकाराचं छोटं पोस्टर आणलंय, साधारण २९ बाय ४० सेंमी. विकणाऱ्याच्या मते ते 'मेत्र द लाफिश' (१८९५-१९००) या, गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या छापील पानांच्या मालिकेतलं. त्या पानांच्या कोपऱ्यात बिनशाईचा उठावदार शिक्का असतो. माझ्याकडच्या पानावर बोट फिरवलं की काहीतरी लागतं, की मनाचेच खेळ? भिंगाखाली आजच्या ऑफसेट छपाईचे ओळीतले ठिपके दिसत नाहीत, वेडेवाकडे शिंतोडे दिसतात. शेरे छपाईच्या दगडावर शाई तशीच उडवायचा, म्हणून आशा आहे.

खरी पंचाईत वेगळीच. मागे कुणीतरी जाड पुठ्ठा चिकटवलाय. तो घरी सोडवायचं धाडस होत नाही. पुण्या-मुंबईत जुन्या कागदांचं जतन करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? आणि पावसाळ्यापूर्वी काचेत बसवावं की नको?