प्रतिसाद: राखेचं सिमेंट कच्चं?

'पीपीसीत (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये) राख मिसळतात, म्हणून स्लॅब कच्चा राहतो' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. औष्णिक केंद्रातली ही उडती राख भरताड नव्हे. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिची सावकाश क्रिया होते आणि छिद्रं बुजतात. म्हणून सुरुवातीला ताकद कमी दिसते, पुढे वाढत जाते. आयएस १४८९ या भारतीय मानकानुसार पीपीसीत ती १५ ते ३५ टक्के चालते.

खरी चूक काँक्रीट ओतल्यावर ते पाण्याने ओलं ठेवण्यात होते. आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी सांगतं, राखेच्या सिमेंटला १०. आमच्या घराच्या वेळी मिस्त्री सातव्या दिवशीच स्लॅबवर पाणी साठवायला केलेली आळी फोडायला निघाला होता, कॉलमवरची गोणपाटं तर केव्हाच वाळून कडक झालेली! मी हट्टाने चौदा दिवस पाणी मारून घेतलं. स्लॅब आजही कोरडा ठणठणीत आहे.