तान्ह्या पोळ्याच्या नंदीसाठी कोणते बर घ्यावे? (डाय ग्राइंडर, ६ मिमी कोलेट)

लकडगंज_कट्टा:
तान्ह्या पोळ्याला (आपल्या विदर्भातला पोरांचा पोळा) एक फुटी दोन नंदी, म्हणजे लाकडी बैल, कोरायचे आहेत, एक शिवणच्या लाकडाचा, एक सागवानाचा. ढोबळ आकार पटाशीने निघतो, पण गळकंबळाखाली, पायांच्या मधात आणि शिंगांच्या मुळाशी पटाशी पोचत नाही. डाय ग्राइंडर (बर म्हणजे दातेरी टोक फिरवून कोरणारं हातयंत्र) मिनिटाला २७,००० फेऱ्यांचा आहे, बरची दांडी पकडणारं कोलेट ६ मिमीचं, वेग कमी करायची सोय नाही. दुकानात तीन प्रकार दाखवतात: लोखंडासाठीचे बारीक जाळीदार दातांचे कार्बाइड बर, सुईसारखे काटे असलेले, आणि डायमंडचा ३० नगांचा स्वस्त संच. नेमकं काय घ्यावं? सागवानावर बर लगेच काळा पडतो म्हणतात, ते काऊन? हातमोजे घालायचे का?

भुसा_आणि_भुगा:
जाळीदार बर लोखंडासाठीच राहू द्या. त्याच्या दातांमधली जागा इतकी कमी असते की लाकडाचा भुसा बाहेर पडायला वाट मिळत नाही. सागवानात तेल असतं, घर्षणाने भुसा तापून दातांमध्ये डांबरासारखा बसतो. मग बर कापत नाही, नुसता घासतो, आणखी तापतो आणि लाकूड काळं करतो. त्यात सागवानात सिलिका असते, म्हणून साध्या हायस्पीड स्टीलच्या बरची धार लवकर मरते.

ढोबळ कामाला काटेरी कार्बाइडच घ्या. काटे सुटे सुटे असल्याने भुसा उडून जातो. १२ मिमीचा एक गोल आणि एक ज्योतीच्या आकाराचा, एवढ्यात एक फुटी नंदीचं नव्वद टक्के काम होतं. गोल बर वशिंडाच्या मागच्या खोलीला, ज्योत पायांच्या मधात. त्यानंतर ॲल्युमिनियमसाठी येतो तो मोठ्या चरांचा, एकेरी (जाळी नसलेल्या) दातांचा ६ मिमी कार्बाइड बर. लाकडावर तो फार साफ चालतो, काट्यांचे ओरखडे तोच काढतो. डायमंड फक्त डोळे, नाकपुड्या आणि झुलीच्या रेघांसाठी. त्याने लाकूड काढायला गेलात की जळालंच समजा. ३० नगांपैकी वापरात येतील चार-पाच, ते सुटे मिळाले तर सुटेच घ्या.

आता वेगाचं. २७,००० फेऱ्यांवर १२ मिमी बरच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण १,००० मीटर होतो, ३ मिमीच्या बरचा २५० च्या आसपास. म्हणजे तुमचं यंत्र बारीक बरला बरोबर आहे, मोठ्याला जड. पाकिटावरचा कमाल वेग २७,००० पेक्षा कमी असेल किंवा लिहिलेलाच नसेल, तर तो बर या यंत्राला लावूच नका. वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका. तो पंख्याच्या शंभरेक वॅटसाठी असतो, ग्राइंडरने जळतो. ड्रिल मशीनला बर लावायची युक्तीही सोडा. तीनेक हजार फेऱ्यांवर बर कापण्याऐवजी उड्या मारतो, आणि ड्रिलचा चक (टोक पकडणारा जबडा) बाजूच्या दाबासाठी बनलेला नसतो.

कोलेट_६:
दांडी मोजून घ्या, डोळ्याने ठरवू नका. पाव इंची दांडी ६.३५ मिमी असते, ती ६ मिमी कोलेटमध्ये जात नाही. उलटं जास्त धोक्याचं: ६ मिमी दांडी पाव इंची कोलेटमध्ये आरामात जाते, घट्टही वाटते, पण पकड एखाद्याच ठिकाणी असते आणि कामात बर सरकत बाहेर येतो. डायमंडची दांडी बहुतेक ३ मिमी किंवा २.३५ मिमी येते, त्याचं कोलेट वेगळं घ्यावं लागेल. कागद गुंडाळून जाड करू नका.

दांडी कोलेटमध्ये जितकी जाईल तितकी घाला, फक्त डोक्याजवळचा गोलसर भाग कोलेटात अडकू देऊ नका. लांब बाहेर ठेवलेली दांडी या वेगाला वाकते, आणि एकदा वाकली की क्षणात काटकोन होते. नवीन बर काचेवर लोळवून बघा; डोकं वर-खाली होत असेल तर फेकून द्या, सरळ करत बसू नका. बसवल्यावर यंत्र तोंडापासून दूर धरून अर्धा मिनिट रिकामं फिरवा.

हातमोजे नाही. कापडाचे, विणलेले तर मुळीच नाही. काटेरी बरने एक धागा पकडला की बोटासकट ओढतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपट्टा गळ्यात असतोच, तो काढून ठेवा. फडक्याने भुसा पुसायचा तर बर पूर्ण थांबल्यावरच. नंदी हातात धरून कोरू नका, शिकंज्यात धरा आणि दोन्ही हात यंत्रावर.

भुसा_आणि_भुगा:
दिशेचं राहिलं. यंत्र उजव्या हातात, बर डावीकडे तोंड करून आडवा धरला, तर खालची धार तुमच्याकडे येते. अशा वेळी बर स्वतःकडे ओढत कापा. पुढे ढकललात तर तो चाकासारखा पळतो आणि नंदीच्या कानावरून निघून जातो. डावखुऱ्यांना सगळं उलट. दाब देऊ नका, हलके हलके हात फिरवा; दाबावं लागत असेल तर बर भरला आहे.

आणि लाईन गेली की स्विच आधी बंद. स्विच अडकून राहिलेलं यंत्र लाईन आली की टेबलावरून स्वतःच निघतं.

शिवण_सागवान:
बरपेक्षा आधी रेषा बघा राजेहो. ठोकळा आडवा घेतला तर लाकडाच्या रेषा पायांना आडव्या येतात, आणि बर पायांच्या मधात गेला की पाय बिस्किटासारखा तुटतो. एक फुटी नंदीला पाय वेगळे, रेषा उभी ठेवून कोरा आणि खुंटीने बसवा. शिंगंही तशीच.

शिवण मऊ आहे, काटेरी बरने तंतू उभे राहतात. शेवटचे २ मिमी एकेरी दातांच्या बरसाठी ठेवा, मग १२० आणि २४० चा पॉलिश पेपर. जळालेला डाग रंगाखाली दडत नाही, तिथे रंग नीट धरत नाही. आधी घासून काढा.

लाकडाच्या धुळीला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) १९९५ मध्ये माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सागवानाच्या धुळीने अंगाला खाजही सुटते. रुमाल चालत नाही, एन९५ मास्क नाकावर घट्ट बसवा, चष्मा बाजूने बंद असलेला. कूलरसमोर बसून कोरू नका. तो धूळ घरभर फिरवतो आणि ओल्या हवेने लाकूड फुगतं. एक्झॉस्ट पंखा पाठीमागे नको, कामाच्या पलीकडे हवा.

लकडगंज_कट्टा:
एक जाळीदार बर घेऊन ठेवलाच होता, भरून काळा झाला. वाया गेला का?

कोलेट_६:
नाही. रात्रभर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा, सकाळी पितळी तारांच्या ब्रशने दातांच्या दिशेने घासा. लोखंडी ब्रश नको. पूर्ण वाळल्याशिवाय यंत्राला लावू नका, ठिणगीने टर्पेंटाइन पेटतं. डायमंड बर मात्र कधी ज्योतीवर धरून साफ करू नका, त्याचा थर सुटतो. साफ झाला की हा बर लोखंडाच्या कामाला ठेवा.